सहाशे बारा भागिले सहा

जैनथ,
मंगळवार, २७ मे २०२५

मैत्रीताई,

जय भीम. मी बरा आहे, तू बरी असशीलच. बाबांनी शिकवलेलं 'पत्र लिहिण्यास कारण की' इथं लिहायला पाहिजे, पण कारण एकदम लिहिता येत नाही, खाली कुठंतरी येईल. बाबांचं दुसरं म्हणजे, बोलताना 'मले-तुले' चालते, लिहिताना 'मला-तुला'. म्हणून 'मला' लिहितो आहे. चुकलं तर लाल पेन तुझ्याजवळ असतोच.

तुझा मेसेज शनिवारीच मिळाला. "ऍक्टिंग मस्त केलीस रे. जेवून जायचं होतं." खाली एक हसरं तोंड. मी वाचला आणि फोन खिशात टाकला. फोनवर काही लिहिलं असतं तर तू अजून एक हसरं तोंड पाठवलं असतंस आणि आपलं झालं असतं. कागदाचं तसं होत नाही. हे कागद ट्रेनिंगचे उरलेले आहेत, मागच्या बाजूला भागाकाराची उदाहरणं छापली आहेत. ती सोडवू नको, तुला येतात.

आधी माझं सांगतो, माय विचारेल म्हणून. हैदराबादचं पीओपीचं काम सोडलं. दिवसभर छताकडं पाहून पाहून मान धरली होती. आदिलाबादच्या बसस्टँडवर फकिरा भेटला. आम्ही दोघं आधी कापसाच्या जिनिंगमध्ये होतो, आता त्यानं टेम्पो घेतला आहे आणि तो महिनाभर शिक्षकांच्या ट्रेनिंगला लावला आहे. पेट्या एका मंडलातून दुसऱ्या मंडलात न्यायच्या. काड्यांचे गठ्ठे, मणी, खडू, गुंडाळायचा फळा, पाण्याचे जार. "चाल बे," म्हणाला, "नुसतं बसाचं काम हाये." बसायचं काम त्याचं होतं, उचलायचं माझं. पण मागं पेट्यांवर बसलं की वारा लागतो, आणि चाक फिरत असलं की मी बरा असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

पहिलं ट्रेनिंग उटनूरला होतं. घाटात एक म्हातारी चारोळी विकत होती, फकिरानं टेम्पो थांबवला, तिच्याशी अर्धा तास गोंडीत बोलत बसला. त्याला गोंडी येत नाही. तिलाही माहीत होतं की येत नाही. दोघं हसून हसून बेजार. ते राहू दे.

तिसरी, चौथी, पाचवीच्या मास्तरांना भागाकार शिकवायला शिकवतात, असं फकिरानं सांगितलं तेव्हा मला खोटं वाटलं. पण खरंच तेच होतं. शिकवणाऱ्या भाग्यलक्ष्मी मॅडम. तू त्यांना पाहिलंच आहेस, पण मायला वाचून दाखवशील तर सांग, की तेलुगू बाई आहेत, वीस वर्षं इकडच्या मराठी शाळांत काढली, आणि बोलणं संपलं की 'अंते' म्हणतात. म्हणजे इतकंच. मायला वाचून दाखवशील असं मला वाटत नाही, तरी लिहिलं.

मॅडमचं एकच धोरण. पोराची चूक दिसली की पुसायची नाही. आधी विचारायचं. त्यासाठी सगळ्यांना चार प्रश्नांचा कागद वाटला होता. पहिला, तुझं नाव काय. दुसरा, काय केलंस ते बोलून दाखव. तिसरा, असं करायला कोणी सांगितलं. चौथा, आता काड्या घेऊन करून पाहू का. "चूक पोराची नसते," मॅडम म्हणाल्या, "कुठून तरी आलेली असते. ते घर शोधा. अंते."

विचारायचं कोणाला, हा घोळ झाला. शाळांना सुट्ट्या, पोरं आंब्याच्या मागं. मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं, मी जार ठेवत होतो. "ए बाबू, तू ये. तू आता पाचवीत." फळ्यावर सहाशे बारा भागिले सहा लिहून खडू माझ्या हातात दिला.

मी केलं. सहा एके सहा, वर एक. खाली एक उतरवला. एकात सहाचा भाग जात नाही, सोडून दिला. दोन उतरवला, बारा झाले. साही दुणे बारा, वर दोन. उत्तर बारा. हात झटकून बाजूला उभा राहिलो.

सगळे हसले. मागून एक गुरुजी म्हणाले, "अस्सल पाचवीचा दिसते हो, मिशा सोडल्या तं." मॅडम म्हणाल्या, "पाहा, सहाशे बारा गोळ्या होत्या, सहा पोरं होती. एकेकाला बारा आल्या. राहिलेल्या गोळ्या मास्तरनं खाल्ल्या काय?" पुन्हा हसले. मीपण हसलो. हसल्याशिवाय उभं कसं राहणार?

परत येताना टेम्पोत पुढं बसलेल्या मॅडमनी खिडकीतून मागं वळून विचारलं, "ते ऍक्टिंग होतं ना, बाबू?"

"हो मॅडम."

"लई असली होतं."

तेव्हापासून मी सामानात धरला गेलो. काड्या, मणी, फळा आणि मी. जिथं ट्रेनिंग तिथं मी पाचवीचा. फकिरा टेम्पोत चढताना हाक मारायचा, "चढा पाचवी, दप्तर घेतलं का?"

जैनथला एक गोष्ट झाली, ती तुला सांगायची होती. तीच ती चूक करून मी बाजूला उभा होतो आणि एक मॅडम काड्या घेऊन समजावत होत्या. शंभराचे सहा गठ्ठे, दहाचा एक, सुट्या काड्या दोन. सहा गठ्ठे सहा जणांना, एकेक. आता दहाचा गठ्ठा एकच, माणसं सहा. कोणालाच पुरा गठ्ठा देता येत नाही. भाग्यलक्ष्मी मॅडम मधेच बोलल्या, "थांबा. इथं थांबा. दहाच्या घरात कोणालाच काही मिळालं नाही. नाही मिळालं, तर ते लिहावं लागते की नाही? शून्य लिहा. नाही लिहिलं तर पुढचा माणूस सरकून त्याच्या जागी येऊन बसतो." मग तो गठ्ठा सोडला, बारा सुट्या झाल्या, दोन-दोन आल्या. एकशे दोन.

ताई, मी तिथं जार हातात धरून उभा होतो आणि मला भागाकार आला. वय वर्षं पंचवीस. माझ्याशिवाय कोणाला कळलंही नाही. परतीच्या वाटेवर पुढं जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर घेतला आणि भागला. सातनं, आठनं, नऊनं. एक सोयाबीनचा ट्रक होता, आकडे धुळीनं भरलेले, तर फकिराला म्हटलं जवळ घे, दिसत नाही. "काऊन, ओळखीचा हाये का?" म्हणाला. शून्य पडलं की ते मी मांडीवर बोटानं दाबून लिहायचो.

टेम्पोतूनच तुला फोन लावला होता. गुरुवारी, साडेचारला. "मीटिंगमध्ये आहे, नंतर करते," म्हणालीस. बरोबर आहे, असशील.

मग शनिवारी बेल्याचं ट्रेनिंग, तुमच्या शाळेतलं.

बेल्याचं काय लिहू, तू होतीसच. तुझं शिकवणं चांगलं झालं. टाळ्या पडल्या. मॅडमनी तुला पेन दिला, फोटो काढला, फोटोत मीपण आहे, डाव्या कोपऱ्यात अर्धा. तुमच्या हॉलमधला कूलर नुसताच आवाज करत होता. चिवड्यात मीठ जास्त होतं. तुझ्या हेडमास्तरीण दामिनी मॅडमनी तीन वेळा घेतला, मीच दिला.

तिसऱ्या वेळी दिला तेव्हा त्या तुझ्याजवळच बसल्या होत्या. मी वाकून प्लेट ठेवत होतो. त्यांनी विचारलं, "मैत्री मॅडम, हा पोरगा कोण हो? मघापासून तुमच्याकडंच पाहून राह्यला."

तू प्लेटकडं पाहिलंस. मग म्हणालीस, "आमच्या गावचा हाये."

एवढंच. खोटं नाही. मी आपल्या गावचाच आहे.

चपलेचा अंगठा तुटलेला होता, मी सुतळी बांधली होती, ते तू पाहिलं असशील. नवा शर्ट घातला होता, ते पाहिलं का नाही माहीत नाही. बेल्याला तू असणार हे मला शिक्षकांच्या यादीवरून आधीच कळलं होतं, म्हणून घातला. मी ठरवून आलो होतो. आज फळ्यावर बरोबर करायचं. मॅडम ओरडल्या तर ओरडू दे. एकच्या आणि दोनच्या मधे इतकं मोठं शून्य काढायचं की तिसऱ्या ओळीतून दिसेल. तू तिसऱ्या ओळीत होतीस.

चिवड्यानंतर मला बोलावलं. खडू घेतला. सहा एके सहा, वर एक. खाली एक उतरवला. भाग जात नाही. हात तिथं थांबला, शून्याच्या जागेवर. मागं वळून पाहिलं नाही, पण तू दामिनी मॅडमच्या कानात काहीतरी बोलत होतीस, ते ऐकू आलं. मग मी सोडून दिलं. दोन उतरवला. वर दोन. बारा.

मॅडमनी शिक्षक म्हणून तुलाच बोलावावं, हे मी केलं नाही. "मोरपंखी साडीवाल्या मॅडम, या," म्हणाल्या. तू आलीस, प्रश्नांचा कागद हातात धरून. माझ्यापासून दोन हातांवर उभी राहिलीस आणि पहिला प्रश्न विचारलास.

"बाळा, तुझं नाव काय?"

सगळा हॉल हसला, कारण बाळाला मिशा होत्या. मी म्हटलं, "फकिरा." खरा फकिरा दारात पाणी पीत होता, त्याला ठसका लागला. खरं नाव हर्षदीप तोंडावर आलं होतं, पण वाटलं, हे नाव घेतलं तर तुझी पंचाईत होईल. तेवढं तरी सांभाळलं मी.

दुसरा प्रश्न. काय केलंस ते बोलून दाखव. बोलून दाखवलं. "एकात सहाचा भाग गेला नाही, म्हणून सोडून दिला, खालचा घेतला."

तू तिसरा विचारलास. किती मायेनं विचारलास. घरी तू माझ्याशी असं बोलल्याचं मला आठवत नाही. "असं सोडून द्यायला तुला कोणी सांगितलं, बाळा?"

मी म्हटलं, "ताईनं."

लोक पुन्हा हसले. पोरं असंच सांगतात ना, ताईनं, दादानं. तू नाही हसलीस. कागदाकडं पाहिलंस आणि चौथा प्रश्न वाचलास. "आता काड्या घेऊन करून पाहू का?" आवाज जराही हलला नाही. मग गठ्ठे घेऊन इतकं सुरेख समजावलंस की मला येत नसतं तर त्या दिवशी आलं असतं.

आता तुला आठवत नाही असं तू म्हणशील, म्हणून सविस्तर लिहितो.

मी तिसरीत, तू पाचवीत. मागच्या भिंतीवर कोळशानं शाळा भरायची. तू बाई, मी आणि शेजारची शुभांगी पोरं. शुभांगी दोन दिवसांत पळाली, मी राहिलो. बाबांच्या वर्गात तू पहिली, त्यामुळे तू सांगशील ते मला बाबांपेक्षा पक्कं वाटायचं. तू लांबचा भागाकार शिकवलास आणि म्हणालीस, "भाग नाही गेला तं सोडून दे. खालचा घे. वर काही लिहू नको, बाबा ओरडतेत." मी पाठ केलं. पुढं कधीतरी बाबांनी तुझ्या वहीत लाल पेननं ते एक शून्य घातलं असेल. तू सुधारलीस. भिंतीकडं परत यायचं राहून गेलं.

मग मी पाचवीत, तू सातवीत. डिसेंबर, एमईओ साहेब, मंडलाचे शिक्षणाधिकारी, तपासणीला आले. बाबांनी मला उठवलं, मोठ्या तोऱ्यात. साहेबांनी आठशे चोवीसला आठनं भागायला सांगितलं. मी लिहिलं तेरा. साहेब हसले आणि बाबांना विचारलं, "हा कोणाचा पोरगा, गुरुजी?"

नागोराव गुरुजी, आपले बाबा, म्हणाले, "गावातलाच हाये साहेब, एक."

तू दारात होतीस, साहेबांच्या पाण्याचा तांब्या घेऊन. ऐकलंस. मला दिसलं.

घरी बाबांनी मारलं नाही. नुसतं विचारलं, "कोणी शिकवलं हे तुले?" तू मेथी निवडत होतीस. मी तुझ्याकडं पाहत राहिलो. तू एक पान खुडलंस, दुसरं खुडलंस, मी मोजली नाहीत पण पुष्कळ पानं झाली. शेवटी मीच म्हटलं, "कोणी नाही." बाबा म्हणाले, "मंग तुह्या डोक्यातलंच हाये हे." दुसऱ्या दिवशी मी कापसाच्या गाडीवर बसून पहिल्यांदा पळालो. त्यानंतर नववीपर्यंत शाळेत होतो, पण फळ्याजवळ कोणी बोलावलं की पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर निसटायचो. आता घरात सगळे म्हणतात, हर्षदीपच्या पायाला भिंगरी आहे, जन्मापासूनची.

मी तुझं नाव तेव्हा घेतलं नाही. लहान होतो, मला वाटलं तू स्वतः सांगशील. आज नाही तर उद्या. चौदा वर्षं झाली. शनिवारी तू माझ्यासमोर उभी राहून, हातात कागद धरून, स्वतःच्या तोंडानं विचारलंस, आणि मी उत्तर दिलं, आणि तू घरी जाऊन लिहिलंस, ऍक्टिंग मस्त केलीस.

बेल्याहून निघताना भाग्यलक्ष्मी मॅडम माझ्याकडं पाहत होत्या. म्हणाल्या, "त्या पेनवाल्या मॅडम, नाक-डोळे तुझ्यासारखे. कोण तुझ्या त्या?"

मी म्हटलं, "आमच्या गावच्या आहेत."

"अंते?"

"अंते."

म्हणजे मीपण काही मोठा नाही. हेपण लिहून ठेवतो.

आता कारण. ३१ तारखेला, शनिवारी, बाबा रिटायर होतात. विहाराच्या अंगणात मांडव, सत्कार, भाषणं. पत्रिका अर्पिताच्या फोनवरून मला आली, काकाची पोरगी बिचारी पाठवते सगळं. खाली 'आपले विनीत' म्हणून माय, तू, काका, काकाचे दोघं. नावं एकाखाली एक नीट बसली आहेत. मधे कोणी राहिलं असं पाहणाऱ्याला वाटणार नाही.

बाबा माईक घेतील. आणि ती गोष्ट सांगतील, जी ते प्रत्येक निरोपसमारंभात सांगतात. आमच्या गावात एक पोरगा होता. त्यानं आठशे चोवीस पोळ्या आठ जणांत वाटल्या, एकेकाला तेरा दिल्या, पंगत शिव्या देत उठली. बाबा सांगतात छान. लोक हसतात, मी एकदा दिग्रसच्या एका लग्नात अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकली, इतकी ती फिरली आहे. मीपण हसलो होतो.

माझं मागणं एकच आहे. बाबा माईक हातात घेतील त्याच्या आधी त्यांना सांग की ती चूक कुठून आली. माफी नको, रडणं नको. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त. ते रागावणार नाहीत, त्यांची तू पहिली आलेली पोरगी आहेस, आणि दोन वर्षांतच सुधारलीस. तुझं काही जाणार नाही.

त्या दिवशी पेट्या परत करायला आदिलाबादला जायचं आहे. वाट आपल्या गावावरूनच आहे. फकिराला सांगितलं आहे, विहाराच्या अलीकडे, गावाच्या पाटीजवळ थांब. भोंग्याचा आवाज तिथपर्यंत येतो. बाबांनी ती गोष्ट सांगितली नाही, तर मी मांडवात येऊन जार उचलीन. सांगितली आणि 'माझा पोरगा' म्हणाले, तरी येईन. हसू देत लोकांना, माझ्यावर हसतील. पण 'आमच्या गावात एक पोरगा होता' असं सुरू झालं, तर फकिरा गाडी गिअरमध्ये टाकील. त्याच्याकडून वाक्य पाठ करून घेतलं आहे.

त्यानंतर मी कुठं आहे हे अर्पितालापण विचारू नको.

मायला जय भीम सांग. तुझा राग नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे, आणि कागदावर खोटं लिहिलं की ते वरच राहते. मले राग हाये, ताई. मले लई राग हाये.

'मले' लिहिलं गेलं. राहू दे, खोडत नाही.

तुझ्या गावचा,
हर्षदीप